विजयानंतरचे मोह : संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चे एक वाचन

धर्मचरित्रे वाचणाऱ्यांना एक खोड असते. पापी मनुष्य साधू होतो त्या पानापर्यंत ते मोठ्या उत्कंठेने वाचतात आणि तेथे खूण घालून पुस्तक मिटतात. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, येथवर आपली कथा. पुढे वाल्मीकीच्या मनात जुना कोळी कधी डोकावला की नाही, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ ह्या जगद्विख्यात आत्मचरित्राचेही असेच झाले आहे. मिलान शहरातील एक बाग, अंजिराच्या झाडाखाली रडत पडलेला एक तरुण अध्यापक, शेजारच्या घरातून आलेला बालकाचा आवाज, आणि मग उघडलेले ते पान : ह्या ग्रंथाविषयी जेथे जेथे लिहिले जाते तेथे बहुधा ह्या बागेपाशी लेखणी विसावते. परंतु ग्रंथाचे भाग तेरा आहेत आणि बाग आठव्यात आहे. पापावर विजय मिळविणे म्हणजे ख्रिस्ती जीवनात नेमके काय, ह्या प्रश्नाचे ऑगस्टीनने दिलेले खरे उत्तर दहाव्या भागात आहे, असे आमचे मत झाले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आमचा अधिकार किती, तेही आरंभीच सांगून टाकलेले बरे. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि लॅटिन भाषेचे आम्हांस ज्ञान नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहून पोट भरणारे आम्ही कारकून. हा ग्रंथ आम्हांस मिळाला तो जुन्या पुस्तकांच्या बाजारात, इंग्रजी भाषांतराच्या रूपाने, आणि तो घेतला तो केवळ स्वस्त होता म्हणून. पण वाचता वाचता असे ध्यानात आले की, आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसांना ह्यात पुष्कळ ओळखीचे सापडेल.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे झाला. हे गाव म्हणजे आजच्या अल्जीरियातील सूक अहरास. आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. बाप पात्रिसियस हा आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती झालेला, बेताच्या प्राप्तीचा गृहस्थ. कार्थेज येथे मुलाचे शिक्षण झाले आणि तेथेच तो वक्तृत्वशास्त्र शिकवू लागला. ३८३ मध्ये तो रोमला गेला. पुढल्याच वर्षी मिलानच्या सरकारी अध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. तेथवरचा प्रवासही सरकारी वाहनाने झाला, हा तपशील तो आवर्जून देतो, आणि परमुलखात नेमणुकीवर गेलेल्या आपल्यासारख्यांना तो वाचून नकळत हसू येते. ३८६ मध्ये बागेतील तो प्रसंग घडला. ३८७ च्या ईस्टरला बिशप आम्ब्रोज ह्याच्या हातून बाप्तिस्मा झाला. ३९१ मध्ये हिप्पो येथे तो धर्मगुरू झाला आणि काही वर्षांनी तेथलाच बिशप. ‘कन्फेशन्स’ लिहिले गेले ते ३९७ ते ४०० च्या सुमारास. म्हणजे बाग मागे पडून दहाबारा वर्षे लोटली होती. लिहिणारा आता चुकणारा तरुण राहिला नव्हता, लोक ज्याच्या पाया पडतात असा धर्माधिकारी झाला होता. ही गोष्ट वाचकाने सतत ध्यानात ठेवली पाहिजे. ग्रंथाच्या नावाचे मूळ लॅटिन पदही दुहेरी अर्थाचे आहे : अपराधाची कबुली हा एक अर्थ, आणि ईश्वराचे स्तवन हा दुसरा. संपूर्ण ग्रंथ ईश्वराला उद्देशून बोललेला आहे. वाचकाने ते बोलणे बाजूला उभे राहून ऐकावयाचे.

आरंभीच्या भागांतील सर्वांत प्रसिद्ध पाप म्हणजे नासपतींची चोरी. सोळा वर्षांचा ऑगस्टीन मित्रांच्या टोळक्याबरोबर मध्यरात्री शेजाऱ्याचे झाड झोडपतो. ह्याहून चांगली फळे त्याच्याकडे होती, भूक नव्हती, तोडलेली फळे बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा पोरखेळावर त्याने पानेच्या पाने खर्ची घातली, म्हणून पुष्कळ टीकाकारांनी त्याची थट्टा केली आहे. आम्हांस ही थट्टा अस्थानी वाटते. ऑगस्टीनला शोधावयाचे आहे ते पापाचे मूळ, आणि त्यासाठी त्याने बुद्ध्याच असे उदाहरण निवडले आहे की ज्यात गरज, लाभ, सूड, भय ह्यांपैकी एकही सबब उरत नाही. सर्व सबबी सोलून काढल्यावर हाती काय राहते? तो म्हणतो की, राहते ते निषिद्ध गोष्ट केल्याचे सुख, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट : सोबत. एकटा असतो तर मी हे केले नसते, हे तो पुनःपुन्हा सांगतो. चारजण चला म्हणतात आणि मागे राहण्याची लाज वाटते. निर्लज्ज नसण्याचीच लाज वाटते. ज्यांनी कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्यांना ह्या वाक्याचे भाष्य नको. ‘सगळेच करतात’ ह्या दोन शब्दांत जेवढी पापे झाकली जातात, तेवढी कोणत्याही अंधारात झाकली जात नाहीत.

ह्या सोबतीचाच दुसरा प्रसंग सहाव्या भागात आहे, आणि तो त्याचा जिवलग मित्र अलीपियस ह्याचा आहे. अलीपियस कायदा शिकण्यासाठी रोमला आलेला. तेथील आखाड्यात माणसे माणसांशी मरेपर्यंत लढत, आणि हजारो लोक ते पाहत. त्याला त्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी एके दिवशी त्याला ओढत नेले. तो म्हणाला, शरीर न्याल, माझे डोळे आणि मन नेऊ शकणार नाही. तेथे जाऊन तो खरोखरच डोळे मिटून बसला. पण कान मिटता येत नाहीत. कोणी तरी पडला, मोठी आरोळी उठली, आणि अलीपियसने डोळे उघडले. ते रक्त पाहताक्षणी तो क्रौर्याच्या मद्याने धुंद झाला. तोही ओरडू लागला. आणि परत गेला तो पुन्हा येण्याची, किंबहुना दुसऱ्यांना घेऊन येण्याची ओढ बरोबर घेऊन. आखाड्यात तरवारीने पडलेल्या त्या माणसापेक्षा प्रेक्षकांतील हा तरुण अधिक खोल जखमी झाला, असे ऑगस्टीन दाखवितो. निवेदनकलेच्या दृष्टीने हा प्रसंग संपूर्ण ग्रंथात अद्वितीय आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यातील निदान. अलीपियसची चूक डोळे उघडण्यात नव्हती, असे ऑगस्टीनला वाटते. चूक त्याच्या आधीच झाली होती. तो स्वतःच्या बळावर विसंबून तेथे बसला, तेव्हाच. ‘मी जाईन, पण मला काही होणार नाही’ ह्या विश्वासातच पराभव लपलेला असतो.

आता बाग. तेथे ऑगस्टीन ज्या मनोव्यथेचे वर्णन करतो तिच्या तळाशी एक तात्त्विक गाठ आहे. नऊ वर्षे तो मानीच्या पंथात होता. त्या पंथाचे मत असे की, सृष्टीत प्रकाश आणि अंधकार अशी दोन तत्त्वे आहेत आणि मनुष्याच्या हातून पाप होते ते त्याच्यात शिरलेल्या अंधकाराच्या द्रव्यामुळे. हे मत मोठे सोयीचे आहे. पाप घडते खरे, पण करणारा कोणी दुसराच! मिलानच्या बागेत ऑगस्टीनची ही सबब सुटली. इच्छा करणारा मीच होतो आणि न इच्छिणाराही मीच होतो, हे त्याला दिसले. मन हाताला हलावयास सांगते आणि हात तत्काळ हलतो. तेच मन स्वतःला आज्ञा करते आणि ती पाळली जात नाही. का? कारण ते अर्ध्याच मनाने आज्ञा करते. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या लाडातून सवय, आणि सवयीला न रोखल्यामुळे सक्ती, अशी साखळी त्याने मांडली आहे. लोखंड कोणी दुसऱ्याने घातलेले नाही. कड्या आपणच एकेक करून जोडलेल्या आहेत. तारुण्यात आपण शुद्धतेची प्रार्थना करीत असू, पण ती इतक्यात फळू नये अशीही मनोमन इच्छा असे, ही त्याची कबुली तर सर्वश्रुतच आहे. उद्यावर टाकणे ही पापाची नेहमीची पळवाट होय.

पुढे बालकाचा आवाज येतो; तो पौलाचे रोमकरांस पत्र उघडतो; दृष्टी पडली त्या वचनाने संशय मावळतात. अलीपियस शेजारीच आहे, तो पुढचे वचन वाचतो आणि ते शांतपणे स्वतःला लावून घेतो. दोघे घरात जाऊन मोनिकेला ही वार्ता सांगतात. सामान्य धर्मचरित्र येथे संपले असते.

ऑगस्टीन मात्र थांबत नाही. नवव्या भागात आईच्या मृत्यूपर्यंतची कथा सांगून झाल्यावर दहाव्यात तो भूतकाळ सोडतो आणि एक धाडसी प्रश्न स्वतःला विचारतो : मी काय होतो ते सांगितले, पण हे लिहीत असताना, आज, मी काय आहे? ह्या प्रश्नामुळेच हा ग्रंथ इतर पश्चात्तापकथांहून वेगळा झाला आहे. प्रथम तो स्मृतीच्या विशाल दालनांतून हिंडतो, आणि मग योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रिविध वर्गवारी हाती घेऊन आपली झडती घेऊ लागतो : देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि ऐहिक दर्प.

ही झडती वाचताना आश्चर्य वाटते ते मोहांच्या लहानपणाचे. खून, चोरी, व्यभिचार असले काही तेथे नाही. जागेपणी सोडलेल्या वासना झोपेत परत येतात, हे तो कबूल करतो. अन्न औषधासारखे घ्यावे असे तो ठरवितो. पण भुकेपासून तृप्तीकडे जाण्याची वाटच सुखाची असल्यामुळे, आपण देहाच्या गरजेसाठी खातो आहो की गरजेच्या नावाखाली चवीसाठी, हे त्याला समजत नाही. आणि ही अनिश्चितता मनाला आवडते, कारण तिच्या आडोशाला सबब मिळते, असेही तो पुढे नमूद करतो. चर्चमधील स्तोत्रगायनाने डोळ्यांत पाणी येते. मग भीती वाटते की आपणांस हेलावले ते स्तोत्रातील अर्थाने की सुराने? गायन बंदच करावे असे एकदा वाटते आणि तेही अति होईल असे वाटून तो थांबतो. डोळ्यांच्या वासनेत तो कुतूहल घालतो : आखाडा सुटला खरा, परंतु शेतातून जाताना कुत्रा सशामागे धावताना दिसला की मोठा विचार बाजूला पडून मन तिकडे धावते, घरात बसले असता पाल माशी कशी पकडते, कोळी जाळ्यात कसे गुंडाळतो, हे पाहण्यात ध्यान मोडते. आज हातातील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवीत ज्यांची रात्र सरते त्यांना ही पाल आणि हा ससा ओळखू येईल.

पण सर्वांत खोल झडती आहे ती तिसऱ्या मोहाची. अधिकारपदावरील माणसाला लोकांचे प्रेम आणि आदर हवा असतो, आणि तो पदासाठी आवश्यकही असतो. मग स्तुती ऐकून जो आनंद होतो तो सत्य लोकांस पटले म्हणून, की आपण लोकांस आवडलो म्हणून? जेवण किती आवडते ते उपास करून पाहता येते. धनाचा लोभ किती ते धन सोडून पाहता येते. परंतु स्तुतीचा लोभ तपासण्यासाठी काय करावे? वाईट वागून निंदा ओढवून घ्यावी काय? हा पेच त्याला सुटत नाही, आणि सुटला असे सोंगही तो करीत नाही. त्यापुढची पायरी तर अधिकच निसरडी आहे : कीर्तीचा तिरस्कार करणारा मनुष्य त्या तिरस्काराचीच प्रौढी मिरवितो.

आपल्याकडील षड्रिपूंची कल्पना ह्या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू ओळीने उभे आहेत आणि साधकाने एकेकाला जिंकावे, असे आपण बालपणापासून ऐकतो. ऑगस्टीनच्या झडतीत वेगळे आहे ते हे की, पहिल्या शत्रूंना जिंकल्याच्या आनंदातूनच अखेरचा शत्रू जन्म घेतो. आपल्या संतांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नव्हे. लोकांनी दिलेला मोठेपणा हा परमार्थातला धोका आहे, हे तुकोबांनी स्वतःवर कठोर होऊन सांगितले आहे. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेला, ह्यामागे स्वतःला न चुकविणारी ही दृष्टी असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती परंपरेत तर ह्या क्रमाला मूळचाच आधार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा बाप्तिस्मा प्रथम होतो आणि अरण्यातील त्रिविध परीक्षा त्याच्या नंतर. धोंड्याची भाकर, मंदिराच्या शिखरावरून उडी, जगातील राज्यांचे वैभव : सैतान येतो तो आकाशवाणी झाल्यावर. बाप्तिस्मा हा मोहांचा अंत असता तर ह्या कथेचा क्रम उलटा असता.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो सोळाशे वर्षांपूर्वीच घेतला गेला आहे. दहाव्या भागात ऑगस्टीन ईश्वराला अशा अर्थाचे विनवितो की, तुला जी आज्ञा करावयाची ती कर, पण ती पाळण्याचे बळही तूच दे. हे वचन एका बिशपाने रोममध्ये पेलाजियस नावाच्या ब्रिटनहून आलेल्या तपस्व्यासमोर उच्चारले, आणि पेलाजियस इतका संतापला की प्रकरण भांडणावर येऊ लागले. त्याचे म्हणणे साधे होते. बळही ईश्वरानेच द्यावयाचे असेल तर मनुष्य प्रयत्न कशाला करील? आज्ञा दिली आहे त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही मनुष्यात असलीच पाहिजे. पुढे ह्या वादाने दोन दशके गाजविली आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसच्या मताचा निषेध केला.

धर्मसभेचा निर्णय काहीही असो, पेलाजियसचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याने सदाचाराची जबाबदारी माणसावर टाकली त्याच्याविषयी नोकरदार माणसाला सहानुभूती वाटते. आमचे तर सोमवार ते शुक्रवार मत त्याच्याच बाजूने पडते. ‘कृपा झाली तर उद्या वेळेवर येईन’ असे सांगणाऱ्या कारकुनाला कोणता अधिकारी क्षमा करील? परंतु दहावा भाग पुन्हा वाचला की दिसते, ऑगस्टीन प्रयत्न सोडा म्हणत नाही. ताटापुढे, गाण्यापुढे, शेतातल्या सशापुढे तो अखंड झगडत आहे. तो सोडून देतो ते प्रयत्नाचे श्रेय. आपल्या बळाने जिंकलो असे म्हटले की अलीपियस आखाड्यात जाऊन बसतो. बळ दुसऱ्याचे आहे असे मानले तर मनुष्य आखाड्यात जाण्याचेच टाळील. पुढील वादग्रंथांत हाच विचार ताठर झाला आणि त्याची धार माणसांना कापू लागली. ‘कन्फेशन्स’मध्ये तो अजून प्रार्थना आहे, आणि म्हणून तेथे तो अधिक खरा आहे.

ह्या ग्रंथाचा एक दोष मात्र झाकता येत नाही. ऑगस्टीनबरोबर सुमारे पंधरा वर्षे एक स्त्री राहिली. ती त्याच्या मुलाची, आदेओदातसची, आई. मिलानमध्ये कुलीन मुलीशी लग्न ठरले तेव्हा तिला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. पुन्हा दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही अशी शपथ वाहून ती गेली. मुलगा मागे राहिला. आपले हृदय विदीर्ण झाले असे ऑगस्टीन लिहितो, आणि तिच्याइतका संयम आपणांस राखता आला नाही, लग्नाची मुदत येईपर्यंत आपण दुसरी स्त्री ठेवली, हेही लिहितो. पण तिचे नाव तो देत नाही. नाव न देण्यात तिची लाज राखण्याचा हेतू असेल, असे म्हणता येईल. तथापि नासपतींसाठी पानेच्या पाने खर्चणाऱ्या ह्या माणसाने तिला परत पाठविणे हेच आपले पाप होते, असे सरळ वाक्य कोठेही लिहिलेले नाही. वासनेची झडती त्याने घेतली. त्या वासनेच्या हिशेबात दुसऱ्या एका जिवाचे काय झाले, त्याची झडती राहून गेली. आत्मपरीक्षणाची ही मर्यादाच म्हणावी लागेल. मनुष्य आपल्या अंतःकरणात कितीही खोल उतरला तरी कित्येकदा ज्याचे नुकसान केले तो बाहेर दारातच उभा असतो.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. तो पुन्हा अलीपियसचा आहे आणि सहाव्याच भागात, अवघ्या एका परिच्छेदात आहे. कायदा शिकून झाल्यावर अलीपियस रोममध्ये इटलीच्या शाही तिजोरीच्या अधिकाऱ्याचा कायदेविषयक सल्लागार झाला. त्या काळी एक अत्यंत वजनदार सेनेटर होता. पुष्कळजण त्याच्या उपकारांखाली आणि पुष्कळजण त्याच्या दहशतीखाली. त्याला काही बेकायदा सवलत हवी होती. अलीपियसने विरोध केला. लाच देऊ केली, तो हसला. धमकी दिली, त्याने ती पायांखाली तुडविली. आणि आता खरी गंमत पाहावी : ज्या वरिष्ठाचा तो सल्लागार, त्यालाही ही सवलत द्यावयाची नव्हती, पण तो उघड नकार देईना. अलीपियस परवानगी देत नाही, असे सांगून त्याने सगळा भार ह्याच्या माथी मारला. सोळाशे वर्षांत कचेरीचे शास्त्र किती थोडे बदलले आहे!

लाचेला न भुललेला, धमकीला न भ्यालेला हा मनुष्य एकाच ठिकाणी डळमळला, असे ऑगस्टीन सांगतो. त्याला ग्रंथांचे वेड होते, आणि अधिकारपदामुळे मिळणाऱ्या सवलतीच्या दरात स्वतःसाठी हस्तलिखिते तयार करवून घेता आली असती. त्याने न्यायाचा विचार केला आणि तो मोह आवरला. त्यावर ऑगस्टीनची टीप एवढीच की ही गोष्ट लहान आहे. परंतु लहान गोष्टीत जो विश्वासू तो मोठ्या गोष्टीतही विश्वासू, हे शुभवर्तमानातील तत्त्व लहान नाही.

हा परिच्छेद आम्ही वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि टेबलावर आमच्याच एका साहित्यविषयक लेखाची छापील प्रत पडली होती. ती कचेरीच्या यंत्रावर, कचेरीच्या कागदावर छापलेली होती. ती काही पहिलीच नव्हती. तीन वर्षे आमचे लेख, मित्रांच्या कविता, मंडळाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, वाचावयाच्या पुस्तकांची उतरलेली प्रकरणे, सर्व काही संध्याकाळी सहानंतर त्याच यंत्रातून बाहेर पडत असे. पैशाच्या पाकिटाला आम्ही कधी हात लावला नाही. ठेकेदाराची दिवाळीची मिठाई आम्ही दारातून परत केली आहे, आणि त्याचा अभिमान घरात बोलूनही दाखविला आहे. पण कागदाची गोष्ट मनात आलीच नाही, कारण तो कागद मराठीसाठी खर्च होत होता! परमुलखात मातृभाषेची सेवा चालली आहे, सरकारचे दोनचार रीम त्यासाठी गेले तर काय बिघडले? अलीपियसचा मोह असाच सात्त्विक वेष घेऊन आला होता. दुर्जनाला पैशाने फोडता येते; सज्जनाला फोडावयाचे तर त्याच्या आवडीच्या सत्कार्याकडूनच जावे लागते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेरून कागद आणू लागलो आणि झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजू लागलो. येथे आमची कथा संपली असती तर ती बागेतील कथा झाली असती. पण महिनाभराने मंडळाच्या एका बैठकीत ही हकीकत आम्ही सांगितली. सांगताना आवाज जरा खाली घेतला, म्हणजे विनय दिसावा. ज्येष्ठ सभासदांनी मान डोलाविली, एकाने पाठ थोपटली, आणि घरी परत येताना बसमध्ये आम्ही तो प्रसंग मनात तीनदा घोळविला. चौथ्यांदा घोळविताना ऑगस्टीनचा दहावा भाग आठवला. तीन वर्षांच्या कागदाची किंमत अद्याप भरलेली नव्हती, आणि शाबासकी मात्र पदरात पडली होती! दारात कोण उभे आहे हे विचारावयाचे आम्हीही विसरलो होतो. ती किंमत अदमासे काढून आम्ही भरली. त्यासाठी कोणत्या खात्यात, कोणते चलन, हे विचारताना रोखपालाने आमच्याकडे वेडा मनुष्य म्हणून पाहिले, आणि त्या पाहण्याने आमच्या मनाला जो गोड डंख झाला तोही पुन्हा त्याच जातीचा होता.

हे येथे छापून येत आहे, वाचकांपैकी काहींना आवडेलही, आणि ते आवडावे अशी इच्छा लिहिताना मनात नाही असे आम्ही म्हणणार नाही. ऑगस्टीननेही तसे म्हटलेले नाही. म्हणूनच बागेपाशी पुस्तक मिटू नये असा आमचा आग्रह आहे. आठवा भाग वाचून मनुष्याला धीर येतो. दहावा वाचून तो जागा राहतो. पापावरचा विजय ही एकदा मिळालेली सनद नव्हे, रोज सकाळी नव्याने हजेरीपटावर करावयाची सही आहे, आणि ती करणारा हातही आपलाच आहे असे गृहीत धरू नये, एवढेच त्या हिप्पोच्या बिशपाचे सांगणे दिसते. ४३० मध्ये वँडल टोळ्यांचा शहराला वेढा पडला असता तो मृत्यू पावला. अखेरच्या दिवसांत दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे भिंतीवर लावून तो अंथरुणातून ती वाचीत असे, असे त्याच्या चरित्रकाराने, पोसिडियसने, नमूद केले आहे. बागेला त्या वेळी चव्वेचाळीस वर्षे झाली होती.